कार्बोरेटरचं तीर्थ

माझे सासरे नृसिंहशास्त्री श्रावणापासून माझ्या नवऱ्याशी बोलत नव्हते, आणि याला कारण एक फटफटी. लढाई संपली तसा नगरच्या कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत निघाला, आणि त्याची जुनी मोटरसायकल आमच्या ह्यांनी घेऊन पारनेरला आणली. आणली म्हणजे अर्ध्या वाटेपासून बैलगाडीत घालून आणली. मनात आलं तर ती चालायची, एरवी अंगणात उभी. भिक्षुकाच्या घरात असलं आसुरी वाहन नको, असं मामंजी माझ्याजवळ म्हणाले. मुलाला तेवढंही सांगितलं नाही.

माझं दुखणं वेगळं होतं. लग्नाआधी मी मास्तरणीचा कोर्स केलेला, आणि तो चुलीपुढे वाया चालला होता. नगरला मिशनच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला बाई हवी होती. ह्यांची बदलीही दसऱ्यानंतर लगेच नगरच्या कचेरीत व्हायची होती. मामंजी एकदाच "नको" म्हणाले होते. ते एकदा नको म्हणाले की विषय संपतो, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं, पण माझ्या डोक्यात काही ते शिरेना. मी अर्ज केला आणि मुलाखतीला बोलावणं आलं. नेमकी खंडेनवमी. मिशनला आपल्या नवरात्राचं काय? सर्व्हिस मोटरवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "बाई, नवमीला गाडी धुऊन, हार घालून पुजायची असती. त्या दिशी चाक हालनार न्हाई." म्हणजे सगळी भिस्त फटफटीवर. मामंजींना सांगायचं ते आम्ही नगरहून परत आल्यावर, असं ठरवलं होतं.

अष्टमीला फटफटी दोनदा खोकली आणि गप्प झाली.

"कार्बोरेटर तुंबलाय," हे म्हणाले. कार्बोरेटर म्हणजे एक पितळी डबी, तिच्यात पेट्रोल आणि हवा एकत्र होतात. तिची भोकं इतकी बारीक की रेशनच्या पेट्रोलातला गाळ त्यांत बसला की संपलं. हे काम करणारं पारनेरात कुणी नव्हतं, म्हणून ह्यांनी माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. चिंचेचा कोळ घेतला, चुलीतली राख घेतली, दिव्यापुरतं उरलेलं रॉकेल घेतलं. भोकात घालायला केरसुणीचे हीर मोडले. फुंकायला माझी फुंकणी. मोदकपात्रही मागितलं, ते मी दिलं नाही. कोपरापर्यंत चिंच माखून हे मला यंत्रशास्त्र समजावत बसले आणि डबी होती तशीच काळी. शेवटी मीच पुढे झाले. देवाची उपकरणी घासायचा माझा हात, पंधरा मिनिटांत ती सोन्यासारखी झाली. वाळायला म्हणून आम्ही ती पडवीत पाटावर, स्वच्छ फडक्यावर ठेवली आणि निर्धास्त झोपलो.

सकाळी घंटेने जाग आली. देवघरात पाहते तर ताम्हनात कार्बोरेटर, त्याला हळदकुंकू, आणि मामंजी पळीने त्याच्यावर मध सोडतायत. दूध, दही, तूप आधीच झालेलं होतं. साखर वाटीत तयार होती.

आमच्या घरात खंडेनवमीला पुजायला कधी हत्यारच नसायचं. विळी आणि अडकित्ता यांच्यावर भागायचं. मामंजींनी पहाटे पाटावर फटफटीची ती लखलखीत डबी पाहिली आणि मुलाला सुबुद्धी झाली, त्याने ती पूजेसाठीच मांडून ठेवली, असं ते धरून चालले.

"सुमंत," ते म्हणाले, आणि श्रावणापासून हा पहिला शब्द. "बरं केलंस. मी सोळाही उपचार करतो. उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाली की उचल. आज मात्र हात लावायचा नाही."

"बरं, अण्णा," असं म्हणून हे चक्क डोळे पुसायला लागले. बापलेक गहिवरलेले, आणि माझी नोकरी मधात बुडतेय. माझा संताप अनावर झाला.

"मामंजी," मी म्हणाले, "ती डबी आज गाडीत बसली नाही तर मी नगरला कशी पोचू?"

"नगरला कशाला?"

"मिशनच्या शाळेत. नोकरीच्या मुलाखतीला. दुपारी तीन वाजता."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. मामंजींच्या हातातली पळी तशीच राहिली.

"मला हे पसंत नाही," ते म्हणाले. "पण संकल्पात मी आत्ताच म्हटलंय, या घरातल्या माणसांची कार्यं सिद्धीस जावोत. तोंडाने तसं म्हणायचं आणि तुमचं कार्य मीच अडवायचं, हे कसं चालेल, सूनबाई? देवापुढे खोटं पडायची माझी तयारी नाही." त्यांनी अक्षता टाकल्या, उत्तरपूजा केली आणि डबी उत्तरेकडे जराशी सरकवली. "न्या."

आता आतलं पंचामृत काढायचं होतं. ह्यांनी गरम पाणी ओतून ती मोरीवर उपडी करायला घेतली, तशी मामंजी कडाडले, "मोरीत नाही. ते तीर्थ आहे."

मग वाटी आली. भोकाभोकांतून फुंकणीने फुंकून काढलेलं ते तीर्थ आधी मामंजींनी घेतलं. डोळे मिटले, एकदा खोकले.

"उग्र दैवत आहे," ते म्हणाले, आणि आम्हा दोघांच्या हातावर एकेक पळी घातली. मध, चिंच, रॉकेल. संध्याकाळपर्यंत मला ढेकर येत होते.

गाडी जोडली. ह्यांनी लाथा मारमारून धोतर फाडलं, पण ती ढिम्म. ऊन वर आलं तसं माझं धाबं दणाणलं. मी पायरीवर बसून सरळ रडायला लागले. तेव्हा मामंजी सोवळ्याच्या रेशमी मुकट्यातच अंगणात आले.

"बसा मागे," मला म्हणाले. "सुमंत, तू धर. मी ढकलतो."

आमच्या आळीत मामंजींना भरभर चालतानाही कुणी पाहिलं नव्हतं. ते धावले. शेंडी सुटली, जानवं पाठीवर गेलं, सोवळं फेडायचं राहिलेलं आणि हात ग्रीसने काळे. शेजारची केशरबाई दारात येऊन कपाळाला हात लावून उभी राहिली. उताराच्या तोंडाशी गाडीने धडाड आवाज केला आणि ती सुटली. मागे तुपाचा आणि जळक्या मधाचा धूर. मी वळून पाहिलं. ते गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होते, आणि एका हाताने मला जा, जा, अशी खूण करत होते.

मुलाखत घेणाऱ्या बाई मोठ्या शांत होत्या. व्याकरण विचारून झालं, कविता म्हणवून घेतली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "तुम्ही शास्त्र्यांच्या घरच्या. इथे कामाला येणार, याला घरच्या मोठ्यांची परवानगी आहे का? खरं सांगा. मागाहून घरचे येऊन नोकरीला लागलेल्या मुलींना ओढून नेतात."

"सासऱ्यांना पसंत नाही," मी म्हणाले. "सकाळी गाडी सुरू होईना, तेव्हा सोवळ्यात धावत तीही त्यांनीच ढकलली."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "सोमवारपासून येता?"