दादाची माती, माझा खडक

एकाच शेंगेतल्या दोन बिया. एक खाली खळग्यात मातीवर पडली, दुसरी वर उतारावर खडकात. असं का? मी वाऱ्याला विचारलं, पावसाला विचारलं. पायाखालच्या खडकाला तर तीस वर्षं विचारतोय.

मी सुप्याच्या पलीकडल्या डोंगरावरचा हिवर, एक काटेरी झाड. खडकातला तो मी. मातीतला तो माझा दादा.

म्हणजे, होता.

आमची आई डोंगराच्या माथ्यावर होती म्हणे. एका शेळीने तिची शेंग खाल्ली आणि रवंथ करताना टणक बिया तोंडातून टाकून दिल्या. खळग्यात बसली तेव्हा दादा पडला. मग उठून उतारावर बरीच वर चढली, तिथे मी पडलो. म्हणून तो थोरला.

पाऊस आम्हा दोघांवर सारखाच पडायचा, पण माझ्याकडे थांबायचा नाही. माझ्या अंगाखालची मूठभर माती घेऊन तो खाली धावायचा आणि दादाच्या पायाशी ठेवायचा. दादा सरळ, उंच वाढला. मला जिथे खडकाला फट सापडेल तिथे मूळ घालावं लागलं. पश्चिमेचा वारा सतत अंगावर, म्हणून मी पूर्वेला वाकलो. तीस वर्षांत माणसाच्या डोक्याला लागेन इतकाच झालो.

धोंडाबाई आमच्या डोंगरावर शेळ्या चारते. दुपारी ती दादाच्या सावलीत भाकरी सोडायची आणि वर माझ्याकडे बघून म्हणायची, "ए बुटक्या, तुज्या सावलीत माजं एक करडू बी मावंना. थोरल्याकडनं शिक की जरा."

मला राग यायचा. मी दादाला म्हणायचो, "माझी माती खाऊन मोठा झालास."

दादा म्हणायचा, "झालो खरा. पण माझ्या मुळांना कधी कष्टच पडले नाहीत रे. वरच्या वर पसरलीत. तुझी कशी धरून बसलीत."

खळग्यातून त्याला लांबचं दिसत नसे. सुप्याच्या बाजाराला निघालेल्या गाड्या, माळावरची हरणं, सगळं मीच त्याला सांगायचो. वारा आधी माझ्यापाशी पोचायचा. मी खाली ओरडायचो, "आला बरं का." मग तो फांद्या आवरून घट्ट उभा राहायचा. एवढं एकच काम माझ्याकडे होतं.

गेल्या उन्हाळ्यात वस्तीवरच्या लोकांनी डोंगरावर चर खणायचं ठरवलं. पाणी अडावं, मुरावं म्हणून. काम बघायला वरकुट्याचे नागेशराव आले. सगळा जन्म उसाच्या सपाट रानात गेलेला माणूस. त्यांनी डोळा बारीक करून दोरी लावली, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ.

करुणा वस्तीवरचीच, बारामतीला कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "तात्या, दोरीनं नगं. पाण्याची नळी लावून पातळी बघू. डोंगर वळतो तसा चर वळाय पायजे."

"पोरी, माजी सरी बघाय इंदापुरातनं माणसं येत्यात. या डोळ्यानं आजवर एक बी सरी वाकडी गेली न्हाय."

"ती सरी रानात, तात्या."

"आन ह्ये काय समुद्रात हाय व्हय?"

सगळे हसले. करुणाही हसली आणि गप्प बसली. चर सरळ गेला. माझ्या वरच्या अंगाने गेला, तेव्हा माझं सगळ्यात जाड मूळ कुदळीने तुटलं. मी ते कुणाला सांगितलं नाही.

सरळ चराचं एक टोक खाली राहिलं होतं, नेमकं खळग्याच्या वर. पावसाळ्यात सगळ्या चराचं पाणी त्या टोकाला जमलं आणि बांध फोडून खळग्यात घुसलं. तीन पावसांत दादाच्या पायाखाली घळ पडली. तीस वर्षांची माती गेली. त्याची मुळं उघडी पडून लोंबायला लागली. धोंडाबाई दोन दिवस दगड आणून बुंध्याशी लावत होती. पुढच्या पावसाने तेही नेले.

"वारा आला की सांग हं," दादा सारखा म्हणायचा. "आता लवकर सांग."

आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "आता कळलं ना, मातीशिवाय उभं राहणं काय असतं ते?"

दादा उरल्यासुरल्या मातीत मुळं आवळत राहिला.

त्या दुपारी वारा आला. मी फुगून बसलो होतो. ओरडलो, पण उशिरा. तो माझ्या अंगावरून पुढे गेला होता.

दादा पडल्याचा आवाज फार मोठा नव्हता.

नागेशराव आले. टोपी काढून घळीपाशी उभे राहिले. "पन सरी वाकडी न्हवती माजी," ते हळू म्हणाले.

"तीच चूक झाली, तात्या," करुणा म्हणाली. "आन मी बी गप बसले."

मग दोघांनी नळी आणली. एक टोक तिने धरलं, दुसरं त्यांनी. डोंगर वळेल तसा चर वळवला, घळीत दगडांचे बांध घातले. आता खळग्यात पुन्हा थोडी माती बसू लागली आहे. दादा नाही.

मीही थकलो. तुटलेल्या मुळाच्या बाजूच्या फांद्या वाळल्या. यंदा पालवी मोजकीच आली. जे काही अंगात उरलं होतं ते मी शेंगांत घातलं. डोंगरावर चर खणणाऱ्यांनो, एवढंच सांगतो, खणण्याआधी पाणी कुठून जातं ते बघा आणि खाली कोण उभं आहे तेही बघा.

परवा धोंडाबाई शेंगा पाडायची आकडी घेऊन आली. "बुटकं वाळाय लागलंय, आन शेंगा बघा किती," ती शेळ्यांना म्हणाली. दरवर्षी मी निम्म्या शेंगा काट्यांत अडवून धरायचो. यंदा तिने एकदाच हलवलं आणि मी सगळ्या सोडल्या.

शेळ्यांनी पोटभर खाल्लं. मग खळग्यात उतरल्या, दादाच्या जागेवर बसल्या आणि रवंथ करू लागल्या. टणक बिया एकेक करून मातीवर पडत होत्या.

पश्चिमेकडून धूळ उठली. या वेळी मी वाट पाहिली नाही. होतं नव्हतं तेवढ्या जोराने खाली ओरडलो, "आला बरं का."