ढब्बूचं पथ्य

ढब्बू या कुत्र्याच्या बरगड्या आता लांबूनही मोजता येत होत्या. काहीही खाल्लं तरी त्याच्या पोटात ठरत नव्हतं. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी शेवटचा उपाय सांगितला. आठ आठवडे फक्त उकडलेला मासा आणि बटाटा. दुसरं काही कणभर जरी पोटात गेलं, तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

पहिली मोजणी चौथ्या दिवशी बुडाली, दुसरी नवव्या. मग सुनेनं पाळत ठेवली आणि जेवणाच्या टेबलाखाली सासऱ्यांचा हात पकडला. हातात बिस्किट होतं.

"बाबा, हे काय?"

"मी देत नाही गं. तो नुसता बघतो आणि हात आपोआप खाली जातो."

"मग हात आवरा."

"मी चाळीस वर्षं हेच सांगतेय," सासूबाई म्हणाल्या.

सून वाद घालत बसली नाही. तिनं घरातली सगळी बिस्किटं शेजारी देऊन टाकली आणि संध्याकाळी सगळ्यांच्याच ताटात उकडलेला मासा आणि बटाटा वाढला, बिनमिठाचा.

"आता हात कितीही खाली जाऊ दे," ती म्हणाली.

ऑफिसात उशीर होईल असं नवऱ्यानं सांगून पाहिलं. तिनं त्याला डबा भरून दिला.

तिसरी मोजणी पूर्ण झाली. ढब्बूचं वजन दोन किलोंनी वाढलं. बाबांना मात्र कमरेच्या पट्ट्याला आतल्या बाजूला नवं भोक पाडून घ्यावं लागलं.

"आता एकेक नवा पदार्थ सुरू करून बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आधी कुणाला?" बाबांनी विचारलं.