देवघरातली करवंटी

सातपाटीच्या शाळेत येऊन दिनानाथ मास्तरांना दोन पावसाळे झाले होते. पण गावात त्यांना हाक मारणारं माणूस एकच होतं, रखमाआजी. तिच्या अंगणापलीकडच्या खोलीत ते भाड्याने राहत. सकाळी ती त्यांच्या उंबऱ्यावर चहाचा कप ठेवी आणि ओरडे, "मास्तर, उठलास का रं? च्या निवतो!"

शाळेबाहेर दिवसभरात कुणी त्यांच्याशी बोललं, तर एवढंच. ते किनाऱ्यावर फिरायला गेले की जाळी शिवत बसलेली माणसं आदराने सरकून त्यांना जागा करून देत, आणि मग गप्प होत. यात गावाचा दोष नव्हता. काय बोलावं हे मास्तरांनाच सुचत नसे. खोलीवर परत आल्यावर मात्र एकाहून एक चांगली वाक्यं सुचत.

सातवीच्या पुस्तकात रोपं आणि उजेड यांवर एक धडा होता. मास्तरांनी मुलांना नारळाच्या करवंट्या आणायला लावल्या, त्यांत माती भरली आणि रेशनचा गहू पेरला. एक करवंटी शाळेच्या खिडकीत ठेवली. दुसरी काळोखात ठेवायची होती. आता मास्तरांची लोखंडी ट्रंक खोलीत होती. तिच्यात हवा तेवढा काळोख होता आणि हे त्यांना ठाऊकही होतं. तरी ते करवंटी घेऊन अंगण ओलांडून गेले.

"आजी, तुमच्या देवघरात ठेवू का ही? तिथं खिडकी नाही म्हणून..."

"ठेव की! नवरात्र बसलंय, माजी रुजवण बी तितंच हाय. एकीला दुसरीची सोबत."

देवीपुढे परडीत तिनेही धान्य पेरलं होतं, तीच रुजवण. शेजारी समई होती. समईचा उजेड प्रयोगात धरायचा की नाही, या शंकेने मास्तर बराच वेळ घोटाळले. शेवटी त्यांनी करवंटीवर एक रिकामा डबा पालथा घातला.

मग रोज संध्याकाळी पाणी शिंपडायला ते देवघरात जाऊ लागले. आजी वाती वळत बोलत राही. मुलाच्या, कमलाकांतच्या होडीला या खेपेला मासळी कशी लागली, वैतरण्याला दिलेल्या नणंदेने कसा निरोप पाठवून फसवलं. मास्तर नुसते "हो का" म्हणत आणि चमच्या-चमच्याने पाणी घालत. करवंटीभर मातीला पाणी ते किती लागणार! पण मास्तरांना घाई नसे.

नवरात्र निम्मं सरल्यावर त्यांनी दोन्ही करवंट्या वर्गात टेबलावर ठेवल्या. खिडकीतला गहू हिरवागार, पण आखूड. डब्याखालचा पिवळट, लांबलचक, एकीकडे झुकलेला.

"काळोखातला जिंकला!" पोरं ओरडली. "किती उंच झालाय बगा!"

मास्तर गडबडले. या गावात रुजवण जेवढी उंच तेवढं वर्ष चांगलं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पोरं ऐकेनात, तसा त्यांचा आवाज चढला.

"उंच म्हणजे चांगला नव्हे! हा रोगट आहे. उपाशी आहे."

रखमाआजीची नात नलू पहिल्या रांगेत होती. तिने विचारलं, "मंग आमच्या देवाची रुजवण? ती बी अशीच पिवली हाय."

"तीही तशीच," मास्तर म्हणाले, आणि वर्ग एकदम शांत झाला. आपण चांगलं शिकवलं, असं त्यांना क्षणभर वाटलं.

संध्याकाळी ते करवंटी परत ठेवायला गेले, तर आजी दारातच उभी होती.

"द्या ती इकडं. पाणी मी घालीन."

तिने कधी त्यांना अहो-जाहो केलं नव्हतं.

"आजी, शास्त्राच्या दृष्टीने..."

"दसऱ्याला आमी ती रुजवण कमलाकांतच्या होडीला बांदतो, मास्तर. दर्यावर जाणाऱ्या होडीला रोगट वस्तू बांदतो काय आमी?"

मास्तर करवंटी तिच्या हाती देऊन परतले. उत्तर सुचलं खोलीवर, आणि तेही अर्धवट. ट्रंकेतून कॉलेजातलं वनस्पतिशास्त्राचं पुस्तक काढून त्यांनी काळोखातल्या रोपांवरचं पान पुन्हा वाचलं. रोग असं तिथं कुठंच म्हटलेलं नव्हतं. आपण चुकीचं शिकवलं, शिवाय नको तिथं बोललो. आयुष्यात एकदा आवाज चढवला, तो असा.

दुसऱ्या सकाळी उंबऱ्यावर कप होता. हाक नव्हती. कप ठेवलाय हे मास्तरांना चहा निवून गेल्यावर कळलं.

पुढचे दिवस असेच गेले. अंगण एवढंसं, पण ते ओलांडायचा धीर होईना.

दसऱ्याला मास्तरांनी धुतलेली टोपी घातली. गेल्या वर्षी आजीने हाक मारून तिच्यात रुजवणीचा तुरा खोचला होता. आज ते सकाळपासून दाराआड बसून होते. अंगणात भाऊबंद जमले, हसणं-खिदळणं झालं. पुरुषांच्या टोप्यांत, बायकांच्या अंबाड्यांत पिवळे तुरे डोलू लागले. हाक काही आली नाही. माणसं किनाऱ्याकडे निघाली, तेव्हा मास्तर उठले आणि एका दमात अंगण ओलांडून गेले.

आजी आरतीचं ताट सावरत होती. त्यांना पाहताच ती आत गेली आणि करवंटी घेऊन आली. माती ओली होती. गहू वीतभर वाढला होता.

"ही तुमची. देवापाशी ठेवलेली वस्तू, उपाशी कशी ठेवू?"

मास्तरांनी ती घेतली.

"रुजवण संपली. वाटून झाली," आजी म्हणाली.

ते वळले. करवंटीत तुरे होते. एखादा खुडून टोपीत खोचता आला असता. पण आपल्या हाताने खोचायची रीत नव्हती. ते पुन्हा फिरले.

"आजी, यातलाच एक... खोचून द्याल?"

"रोगट चालंल?"

"रोगट नाही. मी पोरांना चुकीचं सांगितलं. काळोखात रोपाला उजेड कुठं आहे ते कळत नाही. म्हणून ते पानं, रंग, सगळं बाजूला ठेवतं आणि दाण्यातली होती नव्हती ती ताकद उंच व्हायला लावतं. शोधत असतं ते."

त्या घरात ते एवढं सलग कधी बोलले नव्हते. आजी तुऱ्यांकडे बघत राहिली.

"हे सांग पोरांना उद्या."

"सांगतो."

"मंग वाक जरा. माजा हात नाय पोचत."

तिने तुरा खुडून त्यांच्या टोपीत खोचला. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी तिला हाक मारली. ताट घेऊन ती लगबगीने किनाऱ्याकडे गेली. 'चल' असं काही ती म्हणाली नाही, आणि 'येऊ का' असं विचारणं मास्तरांना जमलं नाही.

खोलीवर येऊन त्यांनी करवंटी खिडकीत ठेवली. गाव सारं होड्यांपाशी होतं. ढोल ऐकू येत होता. उन्हं कलली, तुरा मलूल होऊन कानावर आला, तरी त्यांनी टोपी काढली नाही. खिडकीतले तुरे अजून पिवळेच होते. हिरवे व्हायला एखादा दिवस तरी लागणार, हे मास्तरांना पुस्तकावरून ठाऊक होतं.

सकाळचा चहा यायला अजून बराच वेळ होता. हाक येईल की नुसता कप, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.