दुसरा सूर लांब

पौषातल्या पहाटे माणसानं दुलईत असावं. मी कुंभिवलीजवळच्या तळ्याकाठी ओल्या बांधावर बसले होते, कारण आमच्या ह्यांना बदकं बघायची होती.

"श्श!" हे खेकसले. मी नुसती शाल सावरली होती.

लग्न झाल्यापासून हे मला पाखरांपायी गप्प करत आलेत. पेन्शनीत गेल्यावर तर ऊतच आला. दर हिवाळ्यात ऑफिसातला जुना शिपाई चांगो, त्याच्या घरी उतरायचं; सकाळी तळ्यावरची बदकं आणि तिन्हीसांजेला ओढ्यापलीकडच्या कड्यातलं शृंगी घुबड. ते घुबड दिसत कधीच नसे. त्याचा आवाज ऐकला की ह्यांचं वर्ष सुखात जायचं.

काल हे एकटेच ओढ्यावर जाऊन हात हलवत परतले होते. "बोललंच नाही. खाणीच्या सुरुंगांनी पळवलं त्याला," असं रात्री जेवताना चांगोलाच झापलं. जसा काही सुरुंग त्यानंच लावला.

तेवढ्यात पाठीमागून शिट्ट्या आल्या. "अहो, अडया आल्या!"

"श्श! उडतील."

उडतच होत्या. शिट्ट्या घालत आमच्या डोक्यावरून गेल्या आणि पार समोरच्या टेकडीजवळ पोचल्यावर ह्यांना दिसल्या. "आधी सांगायला काय होतं तुला?"

माझं डोकंच फिरलं. ही अडई बदकं उडताना शीळ घालतात, हे मला ह्यांनीच शिकवलं होतं. मग घरच्या कुकरच्या शिट्ट्या आठवल्या, दाराची वाजत राहिलेली कडी आठवली. इतके दिवस मी समजत होते, ह्यांचं लक्ष नसतं. मला भीती वाटली.

संध्याकाळी ओढ्यावर चांगोची बायको धोंडूबाई सोबतीला आली. सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती. हे तिच्याकडेही डोळे वटारत होते. एवढ्यात पलीकडून खोल आवाज आला.

धोंडूबाई बोलता बोलता थांबली. पदर तोंडावर धरला. घुबड बोलत असताना इथं कुणी तोंड उघडत नाही; ज्याचं नाव त्याच्या कानावर पडेल त्या माणसाला ते नेतं म्हणतात.

ह्यांनी तो पदर पाहिला. मग माझं तोंड पाहिलं. "बोललं?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. "हो. अजून बोलतंय."

ह्यांनी कानामागे हात धरला. बराच वेळ तसेच बसले. "म्हणजे कालही बोललं असेल," म्हणाले. मग एकदम चिडून, "कसं बोललं? करून दाखव."

"अहो, धोंडूबाई आहे."

"कर!"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि "बू-बो" केलं.

"अगं बया! वैनी, घरावर आणताव का त्याला?" म्हणत धोंडूबाई उठली आणि वाडीकडं चालायला लागली.

"चुकलं," हे म्हणाले. "दुसरा सूर लांब असतो." त्यांचे डोळे भरले होते.

मला ह्यांचा राग आला, त्या घुबडाचा आला, जन्मभर ऐकलेल्या श्श-श्शचा आला. छातीभर श्वास घेतला आणि दुसरा सूर पुरेल तेवढा लांबवला.

पलीकडून उत्तर आलं. तेही मी त्यांच्या कानात करून दाखवलं.