शेजारच्या सीटवरचा ब्रेक

अब्राहामाची गोष्ट सांगावी तर आमच्या पप्पांनी. दर रविवारी चर्चमागच्या खोलीत ते मुलांचा वर्ग घेतात आणि वर्षातून एकदा तरी ही गोष्ट येतेच. "देव म्हणाला, घर सोड आणि मी दाखवीन तिथे जा. आणि अब्राहाम निघाला! कुठे, किती लांब, वाटेत पाणी मिळेल का, एका शब्दाने विचारलं नाही. याला म्हणतात विश्वास!" असं म्हणून ते टेबलावर अशी थाप मारतात, की खडूचे तुकडे उडतात.

हाच माणूस मावशीकडे जेवायला जायचं तरी सतरा प्रश्न विचारतो. कोणत्या रस्त्याने, गाडी लावायला जागा आहे का, परत कधी निघायचं. जन्मभर त्यांनी शहराची बस चालवली. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात गेलं की त्यांचा जीव टांगणीला लागतो. आईने पंचावन्नाव्या वर्षी लायसन्स काढलं, तेव्हापासून ते शेजारच्या सीटवर बसून उजव्या पायाने ब्रेक दाबतात. तिथे ब्रेक नाही, नुसती रबरी मॅट आहे. बिचारी तेवढ्याच जागी झिजून गुळगुळीत झाली आहे.

आईही काही हौसेने गाडी शिकली नाही. पप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. एकदा त्यांनी शेजाऱ्यांच्या फाटकावर गाडी घातली आणि वर फाटकालाच झापलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन लगेच करा, उशीर कराल तर अवघड होऊन बसेल. पप्पांनी पहिली तारीख खोकल्याच्या नावावर ढकलली, दुसरी पाहुण्यांच्या. खोकला कोणी ऐकला नाही आणि पाहुणे काही आले नाहीत. वर्गात आता बायबल मुलं वाचायची आणि पप्पा फक्त थाप मारायचे. मी त्यांची टिंगल करायचे, पण आतून मला भीती वाटत होती.

मग एका मंगळवारी सकाळी आईने गाडीची किल्ली उचलली. "डोळे लाल दिसताहेत" म्हणत दोन दिवस ती पप्पांच्या डोळ्यांत थेंब घालत होती, ते ऑपरेशनआधीचे थेंब आहेत हे मी तेव्हाच ओळखलं होतं.

"अहो, चला, गाडीत बसा."

"कुठे जायचंय?"

"मी दाखवीन तिथे."

मी हसू दाबत मागच्या सीटवर बसले. पप्पा वाटभर ब्रेक दाबत होते. आईने दवाखान्याच्या आवारात गाडी लावली, इंजिन बंद केलं, तरी त्यांचा पाय मॅटवरून उठेना.

"हे बरं नाही केलंस," ते म्हणाले. "अगं, भूल नुसती डोळ्यालाच देतात. माणूस जागा असतो. आपण गप पडून राहायचं, आणि दुसरं कोणी आपल्या डोळ्यात काय करतंय ते आपल्याला दिसणार नाही. समोरचं दिसत नसताना मी कधी गाडी पुढे घेतली नाही."

त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

"अब्राहामाला तरी कुठे दिसत होतं?" आई म्हणाली.

"अब्राहामाची गोष्ट वेगळी. त्याला खुद्द देवाने सांगितलं होतं."

"आणि त्याच्या बायकोला, साराला? तिला कोणी सांगितलं होतं? नवरा म्हणाला, सामान बांध. तिने बांधलं. लग्न झाल्यापासून मीही तेच करत आलेय." आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आज एक दिवस तुम्ही सारा व्हा."

पप्पांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. किती दिसलं देव जाणे. मग दार उघडून ते उतरले.

ऑपरेशन छान झालं. "सांगितलं तसं सगळं केलं त्यांनी," नर्सताई बाहेर येऊन म्हणाल्या. "डोळा जरासुद्धा हलवला नाही. फक्त उजवा पाय मात्र सारखा कशावर तरी दाबत होते."

परतताना पप्पांच्या डोळ्यावर पट्टी होती आणि पाय चक्क सीटवर, मांडी घालून. सकाळपासून मनातून घाबरलेली आई आता इतकी खुशीत होती, की बोलता बोलता भलत्याच रस्त्याला लागली. पुढे एक बंद पडलेला कारखाना आला आणि रस्ता संपला.

"चुकलंच की!" ती म्हणाली. "या शहराचा खड्डा न् खड्डा तुम्हाला पाठ आहे. डोळे मिटूनही कळलं असेल. बोलला का नाहीत?"

"मागच्या चौकातच कळलं होतं," पप्पा शांतपणे म्हणाले. "पण सारा कुठे बोलली होती?"

"बोलली असणार हो. गोष्ट लिहून घेणारा तिचं ऐकत नसेल." आईने गाडी मागे घेतली आणि ओल्या डोळ्यांनी हसली. "आता सांगा, कुठून वळू?"

"डावीकडून," पप्पा म्हणाले. "सावकाश. घाई नाहीये."