आतून लावलेली कडी

रविवारी सकाळी साडेनऊला कामगारांच्या बराकीतल्या शेवटच्या खोलीला आतून कडी होती. आत रंगारी एकटाच होता.

रंगारी कधीच दार लावत नसे. कडाक्याच्या थंडीतही नाही. आंघोळीला गेला तरी न्हाणीचं दार अर्धवट लोटून मोठमोठ्यानं गायचा, कुणी आत शिरू नये म्हणून. त्यावरून त्याचं नाव पडलं हवेशीर. खरं कारण त्यानं एकदाच, काम करता करता, त्याच्याच खोलीत राहणाऱ्या फरशीवाल्याला सांगितलं होतं. लहानपणी आईवडील मजुरीसाठी परगावी, हा मामाकडे. काही सांडलं की मामा अडगळीच्या खोलीत कोंडायचा. एकदा कोंडून विसरूनच गेला. "बाहेर सगळे जेवत होते. हाका मारून मारून कंटाळलो," एवढं बोलून तो पुन्हा भिंतीकडे वळला होता.

शुक्रवारी त्यानं चांगले ब्रश वाटून टाकले आणि वेल्डरला आपलं पांघरूण दिलं.

"काय हवेशीर, गावाला पळतोयस? लग्नबिग्न जमलं वाटतं!" वेल्डर म्हणाला. रंगारी नुसता हसला. इथं सामान वाटणारा माणूस घरी जायला निघालेला असतो. सगळ्यांनी तसंच धरलं.

आता फरशीवाला दार ठोठावत होता. वेल्डर दात घासत आला.

"झोपू दे की. एकदाची लाज वाटली त्याला."

"गावाला चाललाय म्हणतोस, त्याचं तिकीट पाहिलंस तू?"

"नाही," वेल्डर म्हणाला.

"पहार आण. पळ!"

फरशीवाला दाराला टेकून बसला. "हवेशीर, मी आहे इथं. दार मोडलं तर रंगवायचं तुलाच, सांगून ठेवतो."

आतून आवाज आला, "तू जा रे."

"नाही जात."

पहारीनं कडी निघाली. रंगारी भिंतीला टेकून बसला होता. शुद्धीत होता, कुठं इजा नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "याआधी कधी यानं जिवाचं बरंवाईट करायचा विचार केला होता?" फरशीवाल्याला माहीत नव्हतं. त्यानं रंगाऱ्याच्या बहिणीला फोन लावला. "त्याला एकटं सोडू नका, दादा," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. नंतर पुन्हा लावला, तेव्हा तिनं उचलला नाही.

संध्याकाळी सहा वाजले तरी रंगारी दवाखान्यातच खाटेवर पडून होता. फरशीवाला खाटेशेजारी स्टुलावर बसून होता.