सातवा प्रश्न

टिल्लीची आई अभ्यासाला बसायची ती एका कानाने. उजव्या कानात इयरफोनचं बोंड खुपसलेलं आणि डावा कान मोकळा, आतल्या खोलीत झोपलेल्या टिल्लीकडे लावलेला. भांडी घासताना, पाणी भरताना, शेजारणीशी बोलतानासुद्धा तो कान तिथेच असायचा. गेली दोन वर्षं त्याला सुट्टी म्हणून ठाऊक नव्हती.

टिल्लीचे बाबा परमुलखात एका बेकरीत भट्टीवर होते. लेक चार महिन्यांची असताना जे गेले ते गेलेच. आता ती फोनमधल्या माणसाला 'बाबा' म्हणायची आणि फोन बंद असला तरी फोनलाच म्हणायची. मायलेकींना तिकडे जायचं, तर आईने आधी इंग्रजी ऐकून समजण्याची परीक्षा पास व्हायची, असा तिकडचा नियम. सरावाला देतात तेच दहा प्रश्न, आठ बरोबर हवेत, नापास झालं की वर्षभर थांबा. सातवी शिकलेल्या त्या बाईने जीव तोडून सरावात सात बरोबर उत्तरांपर्यंत मजल मारली होती, आणि घोडं अडलं होतं ते सातव्या प्रश्नावर.

रेकॉर्डिंग साधंच होतं. एक बाई भाड्याने खोली बघायला येते. घरमालक विचारतो, कामाला कुठे जाता, माणसं किती, घरात लहान मूल आहे का? बाई म्हणते, नाही. आणि तेवढ्यात तिच्या मागे मूल रडतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा टिल्लीची आई ताडकन उठून आत धावली होती. टिल्ली मुठी आवळून गाढ झोपलेली. परत येऊन बसल्यावर तिच्या ध्यानात आलं, की ते रडणं डाव्या कानाला ऐकूच आलं नव्हतं.

तिने 'मूल आहे' वर खूण केली. चूक. दुसऱ्या दिवशीही केली. चूक.

"बाई, उत्तर चुकीचं छापलंय," तिने परीक्षेच्या क्लासमध्ये शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं.

"ती 'नाही' म्हणाली ना?"

"म्हणाली, पण खोटं बोलते ती! मागे पोर रडतंय की."

क्लासच्या बाईंनी स्वतः ऐकून पाहिलं. "मूलबीळ काही नाही हो यात."

"मग मी काय कान भाड्याने आणलेत?"

"दोन्ही कानांत घालून ऐका," बाई शांतपणे म्हणाल्या. "एक कान घरी ठेवून परीक्षा होत नसते."

मागच्या बाकावरच्या दोघी फिदीफिदी हसल्या. टिल्लीच्या आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग त्या दोघींचा नव्हता, बाईंचाही नव्हता. त्या खोली बघायला आलेल्या बाईचा होता. चार भिंतींसाठी पोटच्या पोराला नाही म्हणायला हिची जीभ रेटते तरी कशी? आणि त्या खोटारडीला खरं मानायचं, तेव्हा म्हणे आपण पास!

घरी तिने नणंदेच्या कानाला फोन लावला. "वन्सं, नीट ऐका बरं."

"एक बाई नि एक बुवा. काय बोलतायत ते त्यांचं त्यांना माहीत."

"आणि पोर?"

"पोर कुठलं?" नणंद हसली. "अहो वहिनी, एका मार्कासाठी त्या बिचारीच्या पदरात पोर कशाला घालताय?"

त्या दुपारी तिने पहिल्यांदाच दोन्ही कानांत बोंडं घातली. रडणं आता स्वच्छ आलं. आधी एक हुंदका, मग श्वास अडकल्यासारखी शांतता, आणि मग टाहो. असं रडणारी एकच पोर तिला माहीत होती.

परीक्षेच्या दिवशी टिल्लीला नणंदेकडे सोपवून ती गेली. कानांवर वाट्यांएवढे जाड गोळे बसले आणि खोलीतला पंखासुद्धा ऐकू येईनासा झाला. सहा प्रश्न भराभर सुटले. सातव्याला तोच घरमालक, तीच बाई. नाही, ती म्हणाली, आवाज जराही न कापता. आणि मागून हुंदका, शांतता, टाहो. प्रत्येक रेकॉर्डिंग दोनदाच ऐकवत, पण उत्तर केव्हाही द्यायची मुभा होती. टिल्लीच्या आईचे दात एकमेकांवर आवळले गेले. हा एक गेला की वर्ष गेलं. मेली खोटारडी, निर्लज्ज, अशा शिव्या मनातल्या मनात तिला हासडत तिने 'मूल नाही' वर बोट टेकवलं.

रेकॉर्डिंग दुसऱ्यांदा लागलं. घरमालक बोलला, बाई बोलली, किल्ल्या खुळखुळल्या. बस्स, तेवढंच.

उरलेले तीन प्रश्नही झाले आणि पडद्यावर आकडा आला: आठ.

ती जवळजवळ पळतच घरी आली. "वन्सं, झाले पास!"

"आधी हिला घ्या!" नणंद वैतागून ओरडली. "तासभर घर डोक्यावर घेतलंय नुसतं!"

टिल्ली खोलीच्या मधोमध उभी होती. तोंड लालबुंद, गालांवर पाण्याच्या धारा, घसा दिसेल एवढा जबडा उघडा. शेजारी शिलाई मशीन चाललं होतं, ते आईला ऐकू आलं. मोरीत नळ ठिबकत होता. भिंतीवरचं घड्याळ टकटकत होतं. टिल्लीची थरथरणारी जीभ ती बराच वेळ बघत राहिली, आणि तिला भयंकर राग आला.

"नुसतं तोंड काय वासतेस?" ती लेकीवर खेकसली. "रडायचं तर नीट रड ना!"

नणंदेने दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरले होते.